अंधारातला राक्षस नेमका कोण? ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’मधलं कोडं, नियमांच्या चाळणीतून

धंतोलीचं_घुबड (धागाकर्ता)

रविवारच्या टेबलावर हा वाद निघाला की डाव तिथेच थांबतो, म्हणून एकदाचा धागा काढला. नवीन लोकांसाठी थोडक्यात: रिच बर्लू यांचं ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ हे वेबकॉमिक २००३ पासून जालावर आहे. माणसं काड्यांची, पण जग डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांच्या भूमिका-खेळाच्या साडेतीन आवृत्तीच्या नियमांवर चालतं. पहिल्याच पानावर पात्रांची जुन्या नियमांतून साडेतीनमध्ये बदली होते. खलनायक झायकॉन (मेलेला जादूगार, लिच) आणि त्याचा गॉब्लिन पुरोहित रेडक्लोक. यांच्याजवळ एक राक्षस आहे, तो कायम अंधारात. वाचकाला फक्त दोन पिवळे डोळे दिसतात. योग्य वेळी पडदा उघडून सगळ्यांना हादरवायचं, हा झायकॉनचा नाटकी बेत.

अट एकच. ओ-चुल (धर्मयोद्धा, म्हणजे पॅलाडिन) आणि व्ही (वारसूवियस, जादूगार) झायकॉनच्या तावडीतून निसटतात त्या प्रसंगापर्यंतचीच पानं धरायची. पुढचं न वाचलेले इथे बरेच आहेत. स्पॉयलर टाकणाऱ्याचा प्रतिसाद उडवला जाईल.

माझं म्हणणं असं की आपण चुकीच्या खुणेवर वेळ घालवतो. सगळे त्याच्या ताकदीवर अडकतात. खरी चाळणी निसटण्याच्या प्रसंगात आहे. राक्षसाला ते दोघं वाचायला हवे असतात, ते गायब होऊन दूर निर्वासितांच्या ताफ्यापाशी पोचतात, आणि तो स्वतः मात्र जागेवरच राहतो. आता साडेतीनमधलं टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडे नेणारा मंत्र) काढून वाचा. मंत्र टाकणारा स्वतः जातो आणि हात लावलेल्यांना सोबत नेतो, दर तीन पातळ्यांमागे एक मध्यम आकाराचा सोबती. ‘तुम्ही व्हा पुढे, मी थांबतो’ ही सोय त्यात नाही. ग्रेटर टेलिपोर्टमध्ये अंतराची मर्यादा आणि चुकीच्या जागी पडायचा धोका जातो, पण टाकणाऱ्याला जावंच लागतं.

म्हणजे ‘ग्रेटर टेलिपोर्ट ॲट विल’ (म्हणजे हवं तेव्हा) असलेले सगळे सैतान आणि देवदूत निव्वळ त्या क्षमतेवर यादीत येत नाहीत. दुसरं काहीतरी लागतं.

---

तर्री_जास्त

काहून एवढं डोकं लावून राह्यले बाप्पा? तारास्क आहे तो. झायकॉनसारखा माणूस लपवून ठेवतो म्हणजे मोठंच काहीतरी असणार ना. मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (राक्षसांच्या मूळ पुस्तकात) त्याच्यापेक्षा मोठं काय आहे सांगा. ४८ हिट डाइस (राक्षसाची पातळी म्हणा), ८५८ हिट पॉइंट (जीव), स्ट्रेंग्थ (ताकद) ४५. मिको पॅलाडिनले भिंतीपार कोण फेकून देईल मग?

---

रामटेकची_राणी

तर्री भाऊ, तारास्क पहिल्याच चाळणीत जातो. त्याची इंटेलिजन्स (बुद्धी) ३. तो बोलत नाही, एकही भाषा नाही. आपला राक्षस चहापान मांडतो, खेळ सुचवतो, मैत्री करतो, प्रश्न विचारून भंडावतो. शिवाय तारास्ककडे मंत्रासारखी एकही क्षमता नाही. चावा, शिंगं, नखं, शेपूट, गिळणं, पाठीच्या कवचावरून किरण परतवणं, जखमा भरणं, संपलं. लोकांना कुठे पाठवणं वगैरे त्याच्या पानावर कुठेच नाही.

आणि आकार बघा. तारास्क कलॉसल, सगळ्यात मोठा आकार. साडेतीनमध्ये कलॉसल प्राण्याला ३० बाय ३० फूट जागा लागते. हा पेटीत बसतो, छत्रीखाली मावतो. चित्रकार आकाराशी खेळतो हे मान्य, पण एवढा?

---

तर्री_जास्त

ताई, छत्रीचं मान्य. पण ताकदीचं काय? ते सोडून द्यायचं का मग?

---

महालचा_फासेवाला

ताकदीबद्दल मी लिहितो, कारण इथे लोक फार सैल बोलतात.

प्रसंग: मिको आणि तिचा घोडा विंडस्ट्रायकर. राक्षस ‘कोण सगळ्यात हळू मारतो’ असा खेळ लावतो आणि दोघं भिंत फोडून बाहेर जातात. नियमांत हे बसवायचा प्रयत्न करू.

पहिला मार्ग बुल रश. स्ट्रेंग्थच्या फाशाला स्ट्रेंग्थचा फासा, मध्यमपेक्षा मोठं असल्यास दर आकारामागे +४. जिंकलं तर ५ फूट ढकललं, आणि फरकातल्या दर ५ गुणांमागे आणखी ५ फूट. अडचण ही की ५ फुटांपलीकडे ढकलायचं तर ढकलणाऱ्याला सोबत चालत जावं लागतं. राक्षस जागचा हललेला नाही. हा मार्ग बंद.

दुसरा मार्ग ऑसम ब्लो हे फीट (खास कसब). त्याला स्ट्रेंग्थ २५, पॉवर अटॅक, इम्प्रूव्ह्ड बुल रश, आणि आकार लार्ज किंवा मोठा लागतो. मार बसला की समोरच्याने रिफ्लेक्स सेव्ह (बचावाचा फासा) करायचा, डीसी (फाशाने गाठायचा आकडा) जेवढं नुकसान झालं तेवढी. चुकला तर तो १० फूट उडून आडवा पडतो. वाटेत अडथळा असेल तर त्याला आणि अडथळ्याला १डी६ (सहा बाजूंच्या एका फाशाएवढं) नुकसान. फक्त १डी६! आता भिंत बघा. साधी चिरेबंदी भिंत, १ फूट जाड: हार्डनेस ८, दर १० बाय १० फुटाला ९० हिट पॉइंट, एका दणक्यात फोडायची डीसी ३५. १डी६ मधून ८ वजा केले तर भिंतीला ओरखडाही जात नाही. आणि एका वेळी एकच लक्ष्य, इथे बाई आणि घोडा दोन.

म्हणजे तो प्रसंग नियमांत कोणत्याच राक्षसाकडून होत नाही, तारास्ककडूनही नाही. विनोदासाठी नियम वाकवलाय. म्हणून त्यावरून स्ट्रेंग्थ ३० की ४५ हे काढणं फुकट आहे. ‘खूप ताकद’ एवढंच लिहा आणि पुढे चला. त्याने पूर्ण जोर लावला की नाही, तेही खेळाच्या नावावरून ठरत नाही.

---

धंतोलीचं_घुबड

+१. मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही आकड्यांत मांडलं.

---

अंबाझरी_००७

विश, म्हणजे इच्छा पुरी करणारा मंत्र. दुसरं काही असूच शकत नाही.

विशच्या वर्णनात सरळ वाक्य आहे: टाकणाऱ्याच्या दर पातळीमागे एक प्राणी, कोणत्याही प्रतलावरून (म्हणजे जगातून) उचलून कोणत्याही प्रतलावर ठेवता येतो, तिथली परिस्थिती काहीही असो. टाकणाऱ्याने सोबत जायची अट नाही. हात लावायची अट नाही. नको असलेल्याला विल सेव्ह मिळतो, पण इथे दोघांनाही सुटायचंच होतं. दोन माणसांना पातळी २ पुरे.

बाकी पर्यायही तपासून ठेवा, नाहीतर कोणीतरी उद्या घेऊन येईलच:

प्लेन शिफ्ट: दुसऱ्याला एकट्याला पाठवता येतं, हे खरं. पण दुसऱ्या प्रतलावर, आणि ठरलेल्या जागेपासून ५ ते ५०० मैल लांब. हे दोघं त्याच जगात राहिले.

वर्ड ऑफ रिकॉल: टाकणारा जातो, आणि तोही आधी ठरवलेल्या आपल्याच आसऱ्याच्या जागी. नाही.

लिमिटेड विश: जादूगाराचा सहाव्या पातळीपर्यंतचा मंत्र नकलता येतो. टेलिपोर्ट पाचव्या पातळीचा आहे, पण नकललेलं टेलिपोर्ट टेलिपोर्टसारखंच वागणार, म्हणजे परत तीच अडचण.

मिरॅकल: ताकद पुरते, पण ते देवाकडे मागणं असतं. हा राक्षस कोणाला मागतो?

विश हा मंत्र म्हणून टाकला तर ५००० एक्सपी (अनुभवाचे गुण) खर्च. जन्मजात स्पेल-लाइक (मंत्रासारखी) क्षमता असेल तर खर्च नाही, तोंडाने बोलणं नाही, हातवारे नाहीत, साहित्य नाही. लहान मुलासारख्या डोक्याच्या राक्षसाकडून नकळत घडण्याला हेच जुळतं.

---

संत्रा_बर्फी

मग सोपं आहे की, विश असलेल्यांची यादी करा.

सोलर: दिवसातून एकदा. पिट फिएंड: वर्षातून एकदा. ग्लाब्रेझू: महिन्यातून एकदा, मर्त्य माणसासाठी. इफ्रीत: दिवसाला तीनपर्यंत, पण फक्त जिन्नी नसलेल्यांना. नोबल जिन्न: पकडणाऱ्याला तीन. झोडार (फीएंड फोलिओ, २००३): वर्षातून एकदा.

माझं मत झोडार. ताकद बेफाम, विश आहे, आणि फार कमी लोकांना माहीत, म्हणजे उघड झाल्यावर वाचकाला धक्का.

---

रामटेकची_राणी

झोडार कन्स्ट्रक्ट (जादूने घडवलेला पुतळा) आहे. कन्स्ट्रक्ट जेवत नाही, झोपत नाही, श्वास घेत नाही. आणि वर्णन असं की तो आयुष्यात तीनदाच बोलतो. आपल्या राक्षसाने चहापानातच तो कोटा संपवला असता.

बाकीच्यांचंही बघा. ग्लाब्रेझूचं विश म्हणजे आमिष, माणसाला बिघडवण्यासाठी. इथे सौदा नाही. पिट फिएंड पक्का दुष्ट, नियमाने बांधलेला, डोकं कुशाग्र. हा ओ-चुलसारख्या पॅलाडिनशी दोस्ती करतो. सोलरला लपवायला झायकॉनच कशाला टिकला असता? इफ्रीत दुसऱ्याची मागणी पुरवतो, आणि इथे त्या दोघांपैकी कोणी मागितलंच नाही. इच्छा राक्षसाची होती.

म्हणजे ‘विश’ ही चाळणी लावल्यावर मूळ मॅन्युअलमधलं जवळजवळ कोणीच खाली उरत नाही.

---

वऱ्हाडी_वेताळ

म्हणून तर म्हणतो, एपिक लेव्हल हँडबुक उघडा (२००२). हागुनेम्नॉन, म्हणजे प्रोटियन. सतत आकार बदलणारा, कधी पंजा, कधी सोंड. पाहणाऱ्याला काय पाह्यलं ते सांगता येत नाही. लपवायचं कारण मिळालं, पेटीत मावायचं कारणही मिळालं.

---

महालचा_फासेवाला

वेताळ भाऊ, पेटीचं कारण पटलं. पण मग डोळे का स्थिर? पानोपानी तेच दोन डोळे, तोच रंग, तीच उंची. दर क्षणी रूप बदलणारा प्राणी डोळे तेवढे जागेवर ठेवेल, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची.

---

वऱ्हाडी_वेताळ

ते चित्रकाराच्या सोयीसाठी हो. अंधारात डोळेही नाही दाखवले तर पानावर काय उरते, काळा चौकोन?

---

महालचा_फासेवाला

सोय म्हणायची तर ‘विश’सुद्धा लेखकाची सोयच. निवडक ठिकाणी सोय नाही म्हणता येत.

---

कोराडी_चिमणी

एक वेगळा मुद्दा, कोणी धरला नाही. परवाना.

डी अँड डी चा जो भाग खुल्या परवान्यात आहे (एसआरडी), त्यातून काही राक्षस मुद्दाम वगळलेत: बिहोल्डर, माइंड फ्लेअर, डिस्प्लेसर बीस्ट, अंबर हल्क, कॅरियन क्रॉलर, गिथ्यांकी, युआन-टी, स्लाड. याच कॉमिकमध्ये माइंड फ्लेअर येतो आणि वकील त्याला घेऊन जातात, हा विनोद आठवत असेलच. जो लेखक परवान्यावर असा विनोद करतो, तो कोड्याचं उत्तर वगळलेल्या राक्षसावर ठेवेल का? माझ्या मते नाही. झोडार तर एसआरडीत नाहीच, तो फीएंड फोलिओचा. उलट हागुनेम्नॉन एपिक विभागातून एसआरडीत आहे. तेव्हा वेताळांचं पारडं या एका मुद्द्यावर जड.

हा पुरावा नाही, कल आहे. पण दोन नावं सारखीच बसत असतील तर मी एसआरडीतलं धरेन.

---

धंतोलीचं_घुबड

चांगला मुद्दा. तरी विनोद करणं आणि टाळणं वेगळं. तो माइंड फ्लेअर पानावर आला होताच ना, वकील नंतर आले.

---

तर्री_जास्त

एक सांगा. मारबत काढतो तेव्हा आपण ओरडतो ‘घेऊन जा गे मारबत’, आणि मारबत स्वतःच रोगराई घेऊन जाते. हा उलटा आहे बे. दुसऱ्याले धाडून देतो आन् स्वतः बसून राह्यतो.

---

रामटेकची_राणी

😄 तर्री भाऊ, धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

---

अंबाझरी_००७

बंद नका करू, पोचायच्या जागेचं राहिलंय. घुबड भाऊंनी पहिल्या प्रतिसादात ते सोडून दिलं.

ताफा कुठे आहे, हे राक्षसाला माहीत नव्हतं. ओ-चुल कैदेत होता, त्यालाही नाही. माहीत होतं ते व्हीला. टेलिपोर्टमध्ये टाकणाऱ्याच्या मनात जागेची आणि तिथल्या मांडणीची स्पष्ट कल्पना लागते. ओळख किती, त्यावर टक्केवारीचा तक्ता आहे, आणि पार अनोळखी जागी तो मंत्र नीट चालतच नाही. म्हणजे राक्षसाने टेलिपोर्ट केलं असं धरलं तरी पोचले असते भलतीकडेच.

विशमध्ये जागेची ओळख विचारलेली नाही. ‘सुखरूप जागी पोचू दे’ एवढी इच्छा पुरते, बाकी जादू जुळवते. की मग क्षमता अशी की ती पाठवल्या जाणाऱ्याच्या मनातून जागा उचलते? अशी छापील क्षमता कोणाला आठवते का? मला साडेतीनच्या मूळ तीन पुस्तकांत सापडत नाही.

---

संत्रा_बर्फी

मूळ तीनात नाही. म्हणूनच मी बाहेरच्या पुस्तकातून झोडार आणला होता. आता झोडार मागे घेते, पण ‘बाहेरचं पुस्तक’ हा मुद्दा मागे घेत नाही.

---

बर्डीवरचा_डीएम

वाद चालू ठेवा, पण मला काम आहे. पुढच्या रविवारी असाच लपलेला राक्षस टेबलावर आणायचाय, पातळी ७ चे पाच खेळाडू. अंधारात ठेवला की झालं, असं वाटलं होतं. काय काय अडचण येईल?

---

महालचा_फासेवाला

अंधारावर अजिबात विसंबू नका. कॉमिकमध्ये तो वाचकापासून लपलाय. तुमच्या टेबलावर पात्रांपासून लपवायचाय, हे वेगळं काम.

खेळाडूंत बुटका (ड्वार्फ) किंवा अर्धा-ऑर्क असला की डार्कव्हिजन (अंधारातली नजर) ६० फूट आलीच. साडेतीनमधला ‘डार्कनेस’ मंत्र २० फूट त्रिज्येत फक्त अंधुक उजेड करतो, नेम चुकायची शक्यता २० टक्के, ओळख पटणं थांबत नाही. सातव्या पातळीला डेलाइट (उजेडाचा मंत्र) सहज असतो, तो टाकला की खेळ संपला. पुढे ट्रू सीइंग हा मंत्र मिळाला की साधा आणि जादूचा दोन्ही अंधार १२० फुटांपर्यंत पारदर्शक.

काय चालतं? घन वस्तू. ट्रू सीइंग भिंतीतून, लाकडातून पाहू शकत नाही. पेटीत ठेवा. पण मग पॅलाडिन डिटेक्ट ईव्हिल (दुष्टपणा शोधणं) लावणार, ६० फुटांचा शंकू. तो अडवायला १ फूट दगड, १ इंच साधा धातू, शिशाचा पातळ पत्रा, नाहीतर ३ फूट लाकूड किंवा माती. साधी लाकडी पेटी पुरणार नाही. आतून शिशाचा पत्रा लावा. आणि राक्षस दुष्ट नसेल तर हा प्रश्नच नाही. माझा सल्ला तोच ठेवा, खेळाडू जास्त गोंधळतात.

---

रामटेकची_राणी

नॉलेज चेक (राक्षस ओळखायचा फासा) विसरू नका, इथेच सगळे फसतात. ओळखायची डीसी १० + हिट डाइस. एक भाग जरी दिसला की कोणीतरी फासा टाकतोच. आणि कोणतं नॉलेज विचारलं त्यावरूनच जात फुटते: कन्स्ट्रक्ट, ड्रॅगन, जादुई पशू यांना अर्काना, विचित्र प्राणी आणि चिखलवाले डंजनिअरिंग, परी, राक्षसी माणसं, झाडं नेचर, मेलेले रिलिजन, बाहेरच्या प्रतलांवरचे प्लेन्स. ‘अर्काना टाका’ म्हणालात की अर्धं कोडं फुटलं. म्हणून पडद्यामागे सगळ्यांचे बोनस आधी लिहून घ्या आणि फासा स्वतः टाका, कोणतं नॉलेज ते न सांगता.

पातळी ७ ला नॉलेजचे रँक जास्तीत जास्त १०. इंटेलिजन्सचे +४ धरा, फाशावर २० आला तर एकूण ३४. म्हणजे राक्षस २५ हिट डाइसचा असेल तर डीसी ३५, एकाने हुकते. पण दुसरा खेळाडू मदत करून +२ देऊ शकतो, काही ठिकाणी सिनर्जीचे (जोडीच्या कौशल्याचे) +२ वेगळे. २८ च्या वर ठेवला तर बिनधास्त. मात्र एवढ्या मोठ्याला लढाईत उतरवू नका, पातळी ७ चे पाचही एका फेरीत जातील.

---

बर्डीवरचा_डीएम

लढाई नाहीच, त्याला मदत मागायची आहे. खुणा किती द्याव्यात?

---

धंतोलीचं_घुबड

प्रत्येक महत्त्वाची खूण तीन वेगळ्या ठिकाणी. एक हुकते, दुसरी विनोद म्हणून सोडून देतात, तिसरी धरतात. पण तुम्हाला वाटत असेल की ताकद दाखवली म्हणजे खूण दिली, तर नाही. ताकद शंभर जणांना असते. या कॉमिकमधली कामाची खूण कोणती ठरली? ‘पाठवलं, पण स्वतः गेला नाही’. अशी एक खूण निवडा जी दुसऱ्या कोणाला लागूच पडत नाही, आणि ती मध्यावर ठेवा, शेवटी नाही. शेवटी ठेवली की खेळाडूंना तपासायला वेळ उरत नाही.

नाव पाकिटात लिहून टेबलाच्या मध्ये ठेवा. नाहीतर चौथ्या तासाला तुम्हीच खेळाडूंचा चांगला तर्क ऐकून उत्तर बदलाल, आणि आधीच्या खुणा जुळेनाशा होतील.

नकाशासाठी बर्डीवरून २२ बाय २८ इंची काळा चार्ट पेपर घ्या, १ इंचाला ५ फूट, पांढऱ्या पेन्सिलीने रेषा. लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट चमकते आणि रेषा दिसत नाहीत.

---

तर्री_जास्त

आणि मे महिना आहे. सकाळी आठला बसा, अकराच्या आत उठा. कूलरच्या वाऱ्याने चार्ट पेपर उडते, कोपऱ्यावर फासे नको ठेवू, पेपरवेट ठेव. फासा हलला की महाल भाऊ पुन्हा टाकायला लावते.

---

महालचा_फासेवाला

हलला तर टाकावाच लागेल.

---

वऱ्हाडी_वेताळ

मूळ मुद्द्यावर एक. अंबाझरी म्हणतात विश जन्मजात असेल तर नकळत घडतं. पण स्पेल-लाइक क्षमतेलाही एक स्टँडर्ड ॲक्शन आणि लक्ष एकाग्र करावं लागतं. नकळत लागत नाही. सुपरनॅचरल (मंत्र नसलेली जादुई) क्षमता असेल तर लक्ष मोडायचा प्रश्न नाही, अँटीमॅजिकमध्ये (जादू बंद पाडणाऱ्या क्षेत्रात) मात्र बंद पडते. वर दिलेल्या यादीत बाद झालेला झोडार सोडला तर सुपरनॅचरल विश असलेला एकही नाही. मग यादीच चुकीची नाही का?

---

अंबाझरी_००७

एकाग्र व्हायला क्षमता माहीत असावी लागते असं कुठे लिहिलंय? त्याने मनापासून इच्छा केली, तेवढी एकाग्रता धरता येईल. पण सुपरनॅचरलचा मुद्दा घेतला. एपिक विभाग आज परत काढतो, सुपरनॅचरल विश असलेला दुसरा कोणी सापडला तर इथेच टाकतो.

---

कोराडी_चिमणी

काढताय तर एसआरडीतलाच काढा. फीएंड फोलिओ परत आणलंत तर मी वकील पाठवीन.